हळदीच्या मापाचा हॉल

आमच्या शहापूर-मुरबाडकडे घर बांधताना हॉलचं माप फुटांत ठरत नाही. गवंडी आधी विचारतो, "गुरुजी, हळद घरातच करणार का मांडवात?" आपण "घरात" म्हटलं की तो मनातल्या मनात पाहुणे मोजतो, विडी विझवतो आणि फक्कीची रेघ दोन पावलं पुढे सरकवतो. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तरी रेघ सरकली. पंधरा-वीस वर्षांनी कधीतरी येणाऱ्या एका रात्रीसाठी आम्ही २४ फूट लांब, १८ फूट रुंद आणि ११ फूट उंच हॉल बांधला. बाकीच्या रात्री त्यात काय करायचं, ते गवंड्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

यात मी एकटा नाही. आमच्या भागात सगळ्यांचेच हॉल असे. समृद्धी महामार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हॉलमध्ये तर ट्रॅक्टर रिव्हर्स न घेता वळतो. माझी जमीन समृद्धीच्या आखणीतून थोडक्यात वाचली. 'वाचली' असं मी म्हणतो. बायको 'हुकली' म्हणते.

जुन्या घरात हॉल नव्हता. ओटी होती, पडवी होती, माजघर होतं. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, सारवलेली जमीन, वर कौलं आणि ओटी तीन बाजूंनी उघडी. खुंटीला बाबांचा ट्रान्झिस्टर टांगलेला असे. वाटीएवढा एकच स्पीकर, पण बातम्या सांगणारा माणूस ओटीच्या कडेला पाय सोडून बसल्यासारखा बोलायचा. नव्या घरात चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी आली, भिंतींना पुट्टी आली आणि वर सपाट स्लॅब आला. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी, सोफा यायचा होता तेव्हा, मी हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "चहा ठेव गं." हॉलनं ते माझ्या वतीनं आणखी तीनदा सांगितलं. आतून उत्तर आलं, "एकदा सांगितलेलं कळतं मला." ते उत्तरही हॉलनं मला तीनदा ऐकवलं. आई म्हणाली, "विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय रे."

अशा हॉलमध्ये मला गाणं ऐकायचं होतं. माझ्याकडे मुलीची ब्लूटूथची डबी होती. तिच्यातून भीमसेन जोशी लावले. डबीतून निघालेला आवाज समोरच्या भिंतीपर्यंत जाईस्तोवर दमत होता आणि परत येताना चारही भिंतींना विचारत येत होता. शेवटी ठरवलं, दोन चांगले स्पीकर घ्यायचे. खरे, लाकडी, डावा आणि उजवा. बजेट पंधरा हजार. त्यावर एक रुपया नाही.

आमच्या घरात पैसे रुपयांत मोजत नाहीत. आईनं भाताचा त्या वर्षीचा हमीभाव विचारला. मी सांगितलं, क्विंटलला २३६९ रुपये. ती झोपाळ्यावर एक झोका घेईपर्यंत गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सव्वासहा क्विंटल भात भिंतीला टांगणार तू." मी गणिताचा शिक्षक. कागदावर करून पाहिलं. बरोबर होतं.

सल्ला घ्यायचा तर घरचाच माणूस होता. माझा धाकटा मेहुणा मुरबाडच्या पलीकडे टोकावड्याच्या अंगाला राहतो आणि त्याचं साऊंड सर्व्हिसचं काम आहे. एक पिकअप, १८ इंची चार बेस, दोन टॉप, दोन मशीन आणि एक जनरेटर. आमच्याकडे अॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतात. तुळशीचं लग्न लागलं की त्याच्या सुपाऱ्या सुरू होतात त्या पहिल्या पावसापर्यंत. लग्नाला एखाद वेळी बँड चालतो, पण हळदीला बेस पाहिजेच. हळदीत नवऱ्या मुलाच्या अंगाला हळद कमी आणि छातीला हादरे जास्त बसतात. मेहुण्याच्या मते आवाज ऐकायची गोष्टच नाही. तो बरगड्यांत लागला पाहिजे.

तो आला, हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि डॉक्टर छातीवर बोटं वाजवतो तशी त्यानं एक टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकत राहिला. टाळी बराच वेळ घरातच होती.

"भावजी, हॉल घुमतोय."

"मग?"

"मग काय नाय. चार बेस लावू. घुमणंच ऐकू येणार नाय."

बरेच प्रश्न आपल्याकडे याच पद्धतीनं सुटतात, हे मान्य करूनही मी त्याला थोडं शास्त्र सांगायला गेलो. म्हटलं, वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम तीन डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दसपट. वीस वॅटच्या जागी दोनशे वॅट लावले, तर माणसाला एवढंच वाटतं, की हां, दुप्पट झाला. मेहुणा विचारात पडला. "म्हंजे गिऱ्हाईकाला दुप्पट आवाज द्यायला मला दसपट मशीन पायजे?" "होय." "आणि सुपारी दुप्पट पण देत नाय. म्हणून या धंद्यात काय उरत नाय भावजी!" शिकवलेलं इतक्या लवकर पोचल्याचा अनुभव मला शाळेतही क्वचित आलेला आहे.

डेसिबल हा शब्द त्याला माझ्याआधी ठाऊक होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. हे आकडे त्याला पाढ्यासारखे पाठ आहेत, कारण दहाला पाच मिनिटं कमी असताना त्याला फोन येतो. मला त्या ५५ आकड्याचंच नवल वाटतं. दोन माणसं समोरासमोर बसून साधं बोलली तरी साठच्या आसपास जातं. आमच्याकडे तर बोलणं सुरूच होतं ते या बांधावरून त्या बांधावर.

बाजारात पहिली चक्कर कल्याणला झाली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण असं दुकान प्रत्येक गावात असतं. 'होम थेटर' नावाचा एक उंच काळा खांब, त्यावर लाल-निळे दिवे, गाण्यासाठी माइक आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '५००० वॅट'. मी खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचली. सोबतचा अॅडॅप्टर १२ व्होल्ट, ३ अँपिअर. गुणाकार केला, ३६ वॅट.

"उरलेले चार हजार नऊशे चौसष्ट कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते पीएमपीओमध्ये असतात, सर."

पीएमपीओ म्हणजे एका क्षणापुरती, फुटायच्या आधी, कागदावर निघू शकेल अशी ताकद. ती कशी मोजायची याचा ठरलेला नियम नाही, त्यामुळे खोटं बोलण्यात अडचण नाही. खरा आकडा आरएमएस नावाचा असतो आणि तो नेहमी लाजऱ्या अक्षरांत छापतात. आमच्या विहिरीवरची पाच एच.पी.ची मोटर पावणेचार हजार वॅटची. ती सुरू केली की वाडीतले दिवे मान टाकतात. ५००० वॅटचा हा खांब मात्र मोबाईलच्या चार्जरएवढ्या वायरीवर उभा होता. "सर, ईएमआय आहे, झिरो डाऊन पेमेंट," दुकानातला मुलगा म्हणाला. तेही बहुतेक पीएमपीओमध्येच असावं.

मग लॅमिंग्टन रोड. त्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर त्याच रस्त्यावर उभा असलेला माणूसही "पुढे विचारा" म्हणतो. आसनगावला लोकल पकडली, दादरला बदलली, ग्रँट रोडला उतरलो. शहापूरला स्वतःचं स्टेशन नाही, ते आसनगावला आहे. मुरबाडला तर रेल्वेच नाही. रेल्वे येणार या बातमीवर तिथे दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. असो.

तिथे एका गल्लीत जुने स्पीकर दुरुस्त करून विकणारे एक चाचा भेटले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मी तिथेच स्टुलावर बसलो. "खोली केवढी?" एवढे दिवस मला बजेट विचारलं होतं, ब्लूटूथ पाहिजे का विचारलं होतं, दिवे कुठल्या रंगाचे विचारलं होतं. खोली कुणीच विचारली नव्हती. "चोवीस बाय अठरा," मी म्हणालो. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "एवढ्या जागेत इथे तीन कुटुंबं राहतात. तुम्ही काय करता?" मी म्हटलं, सध्या घुमतो.

पुढचा तासभर त्यांनी जे सांगितलं, ते मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. स्पीकरचे वॅट बघू नका, त्याची संवेदनशीलता बघा. एक वॅट दिला आणि एक मीटरवर कान ठेवला तर किती डेसिबल येतात, तो आकडा. एखादा ८५ देतो, एखादा ९१. सहा डेसिबलचा फरक म्हणजे चौपट ताकद. ९१वाला स्पीकर २० वॅटच्या मशीनवर जेवढं बोलेल, तेवढं बोलायला ८५वाल्याला ८० वॅट घालावे लागतील. म्हणजे कमी चाऱ्यात जास्त दूध देणारी म्हैस. हे मला पटकन कळलं. चाचांना म्हैस कळली नाही, पण त्यांनी मान हलवली. मोठ्या खोलीत आणि लहान बजेटात हीच म्हैस बघायची.

दुसरं, कोनाच्या भोवतीची कड बघायची. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची टिकते. तिसरं, खोक्यावर बोटानं टकटक करून बघायची. पोकळ वाजलं तर सोडा. बद्द वाजलं तर घ्या. हे मात्र मला कुणी शिकवायला नको होतं. फणस पिकला की नाही ते आम्ही असंच बघतो.

समोर चार इंची कोनाचे दोन गोजिरवाणे स्पीकर होते. "हे बुकशेल्फ," चाचा म्हणाले. मी विचारलं, बुकशेल्फ का म्हणतात? ते म्हणाले, "कारण ते बुकशेल्फात ठेवायचे नसतात." भिंतीला टेकवले, कपाटात कोंबले की खालचे सूर फुगतात आणि सगळं गाणं मडक्यात पडतं. शिवाय माझ्या हॉलसाठी ते लहान होते. चोवीस फुटांपलीकडे बसलेल्या माणसापर्यंत पोचायला चार इंची कोनाला जिवाच्या आकांतानं ओरडावं लागेल आणि ओरडणारा माणूस गात नसतो. मग त्यांनी मागून आठ इंची कोनाची एक जुनी जोडी काढली. लाकडी, जड, एका कोपऱ्याचा पापुद्रा गेलेला. रबराची कड. टकटक केली. पिकलेला फणस. जोडीचे अकरा हजार, सोबत छोटं जुनं स्टीरिओ मशीन चार हजार. सव्वासहा क्विंटल बरोबर भरले.

कसाऱ्याच्या संध्याकाळच्या लोकलला, लगेजच्या डब्यात, चौदा-चौदा किलोची दोन खोकी घेऊन ज्यानं दादरहून आसनगावपर्यंत प्रवास केला नाही, त्यानं मला स्टीरिओ शिकवू नये. एका बाजूला दुधाच्या रिकाम्या कॅन, दुसऱ्या बाजूला मासळीच्या पाट्या. एका मावशींनी डाव्या स्पीकरवर पाटी टेकवली आणि विचारलं, "यात काय, देव हाय का?" मी म्हटलं, "नाही, भजन आहे." खरं भजन शेजारच्या डब्यात चाललं होतं. रोजची मंडळी, टाळ, चिपळ्या, खिडकीच्या कडेवर ठेका. डबा खच्चून भरलेला आणि आवाज असा गोल, भरीव येत होता, की वाटलं यांनाच घरी न्यावं. कल्याणला निम्मा डबा उतरला. टिटवाळ्याला आणखी. वासिंदनंतर तीच मंडळी, तेच भजन, पण टाळ कानात टोचायला लागले. असं का झालं, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मंडळी दमली.

घरी आलो. बांधकामातून उरलेले सिमेंटचे ब्लॉक रचून दोन ओटे केले, म्हणजे वरचा लहान स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला. मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घेतले. दोघांत नऊ फूट अंतर, आणि दोघांपासून नऊ-नऊ फुटांवर ऐकणारा. समभुज त्रिकोण. असं जमलं की गाणारा दोन्ही खोक्यांच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, बसलेला दिसतो. स्टीरिओची सगळी जादू तेवढीच आहे. अॅलन ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. अडचण एकच. त्रिकोणाचा तिसरा कोन जिथे येत होता, तिथे आईचा झोपाळा होता.

झोपाळा हलवणं शक्य नव्हतं. तो स्लॅबमध्ये कड्या टाकून अडकवलेला आणि हॉलमध्ये आईच्या मर्जीनं झालेली तेवढी एकच वस्तू. तो आडवा झुलतो, स्पीकरांना समांतर. मी कुमार गंधर्व लावले. आई झोका घेऊन डावीकडे गेली की गाणारा डावीकडे जाई, उजवीकडे आली की उजवीकडे. चार-पाच झोक्यांनी ती वैतागली. "हा माणूस एका जागी बसून का गात नाही रे?" मी म्हटलं, आई, झोका थांबव. "तो थांबला की मी थांबते," ती म्हणाली.

तरी घुमणं होतंच. आता ते जास्त महाग झालं होतं, एवढंच. शिवाय बेसचं एक निराळं नाटक सुरू झालं. ५० हर्ट्झच्या खोल सुराची एक लाट हवेत बावीस-तेवीस फूट लांब असते. म्हणजे जवळपास माझ्या हॉलएवढी. ती दोन भिंतींच्या मध्ये अडकते, काही ठिकाणी साचते आणि काही ठिकाणी बेपत्ता होते. दाराजवळ उभं राहिलं तर ढोल, कोपऱ्यात गेलं तर मेहुण्याची हळद आणि सोफ्यावर, जिथे मी बसायचो, तिथे दुष्काळ. आमच्या तालुक्याला हे नवीन नाही. भातसा आमच्याकडे, तानसा आमच्याकडे, पाणी मुंबईला आणि धरणाकाठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. माझ्या हॉलमध्येही बेस होता भरपूर, पण तो माझा नव्हता.

मग मी वाचायला बसलो आणि मला वॉलेस सबाइन हा प्राध्यापक भेटला. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं एक नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे बोललेलं कुणालाच कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, म्हणजे पुढचं अख्खं वाक्य त्याच्या अंगावर पडे. ते दुरुस्त करायचं काम या तरुण प्राध्यापकावर आलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, व्याख्यानगृहात मांडी, ऑर्गनची नळी वाजवून घड्याळ लावून बसे आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवी. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी. आवाज किती शोषला जातो, ते मोजायला त्यानं माप धरलं उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. तेव्हा एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक माप. माणूससुद्धा कपड्यांसकट आवाज शोषतो, साधारण पाच चौरस फूट उघड्या खिडकीएवढा.

ते वाचताना मला एकदम बाबांची ओटी दिसली. तीन बाजूंनी उघडी. म्हणजे सगळीच खिडकी. वाटीएवढा स्पीकर तिथे राजा होता, यात त्याचं कौतुक नव्हतं. आणि कसाऱ्याच्या लोकलमधली मंडळीही दमली नव्हती. कल्याणला, टिटवाळ्याला, वासिंदला उतरलेली माणसं जाताना आपापल्या खिडक्या घेऊन गेली होती.

मी माझ्या हॉलचं गणित मांडलं. आवाज अर्ध्या सेकंदात विरावा असं वाटत असेल, तर मला एकूण साडेचारशेच्या वर चौरस फूट उघडी खिडकी लागत होती. फरशी, पुट्टी, सोफा, पडदा सगळं मिळून माझ्याकडे ऐंशीसुद्धा भरत नव्हती. तूट ३८०. माझ्या हॉलचं अख्खं छत ४३२ चौरस फूट. म्हणजे स्लॅब काढून टाकला असता, तर काम झालं असतं. बायकोला हे सांगायचं मी टाळलं.

दुसरा उपाय माणसांचा. ३८० भागिले पाच. पाऊणशे माणसं. हॉलमध्ये पाऊणशे माणसं बसवली, की माझे स्पीकर सुरेख वाजतील. हा आकडा मी कुठेतरी ऐकला होता. वही उघडली. घर बांधताना गवंड्यानं हळदीचे पाहुणे किती, ते मागच्या पानावर लिहायला लावलं होतं. ७५. त्या माणसानं सबाइनचं नाव ऐकलेलं नाही, त्याला पाढेही अकरापर्यंतच येतात, पण त्यानं हॉल बरोबर बांधला होता. मीच तो रिकामा वापरत होतो.

मेहुण्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "मग साखरपुडा ठेवा ना एखादा." मी म्हटलं, मुलगी आता कुठे सातवीत आहे. "मंग सत्यनारायण घाला दर शनिवारी," तो म्हणाला. प्रसादाचा खर्च काढला. एका वर्षात तीन जोड्या स्पीकर आले असते.

त्या वर्षी झोडणीच्या वेळेला अवकाळीनं गाठलं. खळ्यावर भात पडलेला, वर आभाळ काळं. आईनं झोपाळ्यावरून उतरून सूत्रं हातात घेतली. "हॉलमध्ये आणा सगळं. एवढा बांधलाय कशाला?" अडतीस गोण्या आत आल्या. मागच्या भिंतीला, दोन्ही कोपऱ्यांत, सोफ्याच्या मागे, थरावर थर. बारदानाचा वास, भुसा, फरशीवर चिखल. मी माझे दोन डबे फक्त पावसापासून वाचवले आणि गप्प बसलो.

रात्री जेवणं झाली. लाईट होती, हे आधी नोंदवतो, कारण पाऊस आणि लाईट आमच्याकडे एका रात्री सहसा भेटत नाहीत. सवयीनं मशीन चालू केलं. माणिक वर्मा लावल्या, अगदी बारीक आवाजात, आई उठू नये म्हणून नव्हे, झोपावी म्हणून. आणि त्या आल्या. दोन खोक्यांच्या मध्ये, जिथे काहीच नव्हतं तिथे, मांडी घालून बसल्या. शब्द संपला की संपत होता. तंबोरा मागे होता, तबला उजवीकडे, आणि कोपऱ्यातला बेस गोण्यांनी असा दाबून धरला होता, की तो पहिल्यांदाच मुकाट्यानं सोफ्यापर्यंत आला. मी टाळी वाजवून पाहिली. टाळी हातातच राहिली. बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि भिंतीला टेकून, म्हणजे गोणीला टेकून, उभी राहिली. काही बोलली नाही. आमच्याकडे याहून मोठी पावती नसते. आईनं झोका थांबवला होता. गाणारी बाई एका जागी बसून गात होती.

असे पंधरा-सोळा दिवस मी काढले. शाळेतून आलो की पाय धुवायच्या आधी मशीन चालू. पाहुणे गोण्या बघून विचारत, "भात विकला नाही वाटतं अजून?" मी म्हणे, "भावाची वाट बघतोय." लोक मला धोरणी शेतकरी समजू लागले.

पुढे डाव्या बाजूचा आवाज बसायला लागला. उजवीकडे मोकळा, डावीकडे नाक चोंदल्यासारखा. वायरी तपासल्या, खोकी अदलाबदल केली, तर बसका आवाज खोक्यासोबत गेला. खोक्याच्या पुढच्या अंगाला तीन इंची गोल भोक असतं. खालचे सूर त्यातून बाहेर येतात. मला वाटलं, भोकात काही अडकलं असेल. स्पीकर उचलून तिरका केला. आतून सळसळत भात आला. आधी चिमूटभर, मग ओंजळ, मग धार. पाठोपाठ एक उंदीर आला आणि माझ्याकडे रागानं बघत सोफ्याखाली गेला. भातानं हॉल सुधारला होता, आणि भातामागून आलेल्यानं स्पीकरचा कणगा केला होता. आईनं भात सुपात घेतला, पाखडला, हातानं तोलला. "शेरभर भरतोय," ती म्हणाली. "सव्वासहा क्विंटल घातलेस तू त्यात. निदान शेरभर तरी परत आला."

खरेदी केंद्राचं बोलावणं आलं. मी म्हणालो, घरखर्चाला म्हणून वीसेक ठेवू. आई म्हणाली, आम्ही तिघी आणि तू, किती खाणार? बारा राहिल्या. सव्वीस गेल्या त्या संध्याकाळी मी चहा मागितला आणि तो पुन्हा दोनदा ऐकू आला. तीनदा नाही, दोनदा. बारा गोण्यांनी एक आवाज वाचवला होता.

पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा. बैलांच्या बाजारासाठी लोक कुठून कुठून येतात. मी मुरबाडला जाऊन मेहुण्याच्या पिकअपमधून जत्रेला गेलो ते घोंगड्यांसाठी. जाड, काळ्या, लोकरीच्या. दुकानदारानं विचारलं, किती? मी म्हटलं, तीन भिंतींना. त्यानं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं डोळ्यानंच खुणावलं, की शिक्षक आहेत. आठ घेतल्या. किती क्विंटल झाले, ते आईला अजून सांगितलेलं नाही. भिंतीला खिळे मारून टांगल्या. उरलेल्या गोण्या कोपऱ्यांत लावल्या. स्पीकरच्या भोकांना बारीक जाळी बसवली. मेहुण्यानं मधोमध उभं राहून टाळी वाजवली आणि तोंड वाकडं केलं. "घुमत नाय आता. पण भावजी, मजा गेली."

उन्हाळ्यात स्लॅबच्या गळतीसाठी गवंडी आला. हॉलमध्ये पाय ठेवून तो दारातच थांबला. भिंतींना काळ्या घोंगड्या, कोपऱ्यांत भात, मध्ये झोपाळा, समोर सिमेंटच्या ब्लॉकवर दोन खोकी, आणि या सगळ्याच्या मध्ये माझी एक खुर्ची. त्यानं एकदा सगळीकडे नजर फिरवली.

"गुरुजी, हळदीचे पाहुणे बसणार कुठं?"

मी काही बोललो नाही. तो मागच्या दारानं परसात गेला, जमिनीकडे बघत दहा-बारा पावलं टाकली, आणि विडी विझवली.